साहेब बरा होता, म्हणजे नेमकं काय?

३० ऑक्टोबर १९४१ रोजी बेलारूसमधल्या स्लुत्स्क गावातून हाइनरिख कार्ल नावाच्या जर्मन अधिकाऱ्याने मिन्स्कला आपल्या वरिष्ठाकडे एक लांबलचक तक्रार पाठवली. कार्ल त्या भागाचा गेबीट्सकोमिसार होता. आपल्या भाषेत सांगायचं तर जिल्ह्याचा कलेक्टर, फक्त ज्याच्याविरुद्ध दाद मागायला कोर्ट नाही असा. तीन दिवसांपूर्वी सकाळी आठच्या सुमारास एक पोलीस अधिकारी त्याच्याकडे आला होता. त्याने सांगितलं की लिथुआनियाहून ११ क्रमांकाची पोलीस बटालियन येते आहे, आणि दोन दिवसांत गावातले सगळे ज्यू संपवायचा तिला हुकूम आहे. कार्लने एक दिवसाची मुदत मागितली, ती मिळाली नाही. कारागीर तरी बाजूला काढा, असं त्याने म्हटलं. ते कबूल झालं आणि काही तासांत मोडलंही गेलं.

पुढचं वर्णन अंगावर येतं. लोकांना कारखान्यांतून, घरांतून ओढून काढलं गेलं. हातातली घड्याळं आणि बोटांतल्या अंगठ्या उपटून घेतल्या गेल्या. ज्यू नसलेल्या गावकऱ्यांनाही रबरी दंडुक्यांनी झोडपलं गेलं. अर्धवट मेलेली माणसं पुरली गेली आणि ती खड्ड्यातून वर येऊ लागली. आपण हातात पिस्तूल घेऊन कारखान्यांमधून आपल्याच पोलिसांना हुसकावून लावलं, असं कार्ल लिहितो. शेवटी त्याची एकच विनंती आहे: ही बटालियन यापुढे माझ्या हद्दीत कृपा करून पाठवू नका.

तिथून दीडेकशे किलोमीटरवर पश्चिमेला स्लोनिम. तिथला गेबीट्सकोमिसार गेरहार्ड एरेन, हा पेशाने व्यायामशिक्षक, नाझी पक्षाच्या प्रशिक्षण-गढीत तयार झालेला. त्याच्या हद्दीत १३ नोव्हेंबर १९४१ रोजी असंच हत्याकांड झालं. जानेवारीत त्याने जो अहवाल पाठवला त्यात तो म्हणतो की या कारवाईने मला फुकट खाणाऱ्या तोंडांपासून मोकळं केलं, आणि उरलेले सातेक हजार ज्यू मरणाच्या सततच्या भीतीपोटी मन लावून काम करतात.

एकच राजवट, एकच हुद्दा, एकच वरिष्ठ, महिनाही जवळपास तोच. एकाचं पत्र वाचताना हा माणूस हादरलाय असं वाटतं, दुसऱ्याचं वाचताना गोदामाचा वार्षिक ताळेबंद वाचल्यासारखं वाटतं. जर्मन ताब्यातल्या युरोपात जिल्हा पातळीवरचा कारभार सगळीकडे एकसारखा नव्हता, अधिकाऱ्यागणिक त्याचा पोत बदलत होता, हे आता कुणी नाकारत नाही. प्रश्न आहे तो त्या फरकाचं मोल काय लावायचं हा. माझं म्हणणं असं की हा फरक खरा होता, काही माणसं त्यामुळे जगली, आणि तरीही अधिकाऱ्यांचा न्याय करताना तो जवळजवळ निरुपयोगी आहे. कारण ही राजवट या फरकाच्या जोरावरच चालत होती.

आधी ही माणसं होती कोण ते पाहू. पोलंडचा जो भाग थेट जर्मनीला जोडला नाही, तो २६ ऑक्टोबर १९३९ पासून हान्स फ्रांकच्या हाती आला. फ्रांक हा हिटलरचा वकील. तो क्रॅकोच्या वावेल किल्ल्यात राजासारखा राहिला. त्याच्याखाली जिल्ह्याजिल्ह्यात क्राइसहाउप्टमान, म्हणजे जिल्हाप्रमुख, नेमले गेले. एकेका जिल्ह्यात काही लाख माणसं, आणि कचेरीत जर्मन कर्मचारी मूठभर. खाली गावोगावचे पोलिश मुखिये तसेच ठेवलेले. धान्याची लेव्ही, जर्मनीत मजूर पाठवण्याचा कोटा, घरांचं वाटप, रेशन, दंड हे सगळं या एका माणसाच्या सहीने चालायचं. फ्रांकला हेच हवं होतं. जिल्ह्यात एकच खिडकी, एकच साहेब.

या खुर्च्यांवर दोन तऱ्हेची माणसं आली. एक कायदा शिकलेले तरुण, सरकारी नोकरीच्या शिडीवर लवकर वर जायची घाई असलेले. दुसरे पक्षातले जुने कार्यकर्ते, ज्यांना कामाचा गंध नव्हता पण निष्ठेचं फळ हवं होतं. पहिल्यांना फाईल कळायची, दुसऱ्यांना चाबूक. तिसरी जात लुटारूंची, आणि ती दोन्हींत होती. फ्रांकच्याच मुलखातल्या गॅलिशिया प्रांताचा पहिला गव्हर्नर कार्ल लाश हा चांगला शिकलेला कायदेपंडित. १९४२ च्या जानेवारीत भ्रष्टाचारापायी त्याला त्याच्याच लोकांनी अटक केली आणि त्याच वर्षी तो कोठडीत संपला.

या सगळ्यांच्या डोक्यात आदर्श कुठला होता, हे आपल्याला टोचणारं आहे. इंग्लंडला जसा हिंदुस्थान तसा आम्हाला पूर्वेचा प्रदेश, हे हिटलरने १९४१ मध्ये आपल्या बैठकीत पुन्हा पुन्हा बोलून दाखवलं. थोड्या साहेबांनी अफाट मुलूख कसा हाकायचा, याचं उदाहरण म्हणून त्याच्यापुढे आपल्याकडचा गोरा कलेक्टर होता. इंग्रजी राज्य आणि नाझी राज्य एकच होती असं कुणी म्हणू नये. मीही म्हणत नाही. पण जिल्ह्याच्या गादीवर बसलेला एकटा, सर्वाधिकारी, 'जागेवरच्या माणसाला जास्त कळतं' या तत्त्वावर चालणारा अधिकारी, हा नमुना मात्र त्यांनी तिथूनच उचलला.

आता या मोकळीकीचा परिणाम पाहा. पोलंडमध्ये ज्यूंना घेट्टोत, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळ्या काढलेल्या बंदिस्त वस्तीत, कोंडा, असा सगळीकडे एकाच तारखेला लागू होणारा हुकूम नव्हताच. पिओत्रकुफला १९३९ च्या ऑक्टोबरातच घेट्टो झाला, युद्ध सुरू होऊन जेमतेम महिना उलटला होता. वॉर्सात त्याला १९४० चा नोव्हेंबर उजाडला. राडोमच्या बाजूला अनेक ठिकाणी १९४१ चा एप्रिल. काही लहान गावांत १९४२ पर्यंत भिंत किंवा कुंपण नव्हतंच. कारणंही प्रत्येकाची वेगळी. कुणाला टायफसची भीती, कुणाला आपल्या माणसांसाठी चांगली घरं मोकळी करायची होती, कुणाला काळा बाजार मोडायचा होता, तर कुणाला शेजारच्या जिल्ह्याच्या साहेबाने केलं म्हणून करायचं होतं. म्हणजे स्थानिक पुढाकार होता आणि तो भरपूर होता. वरून नकाशा येण्याआधीच खालच्या माणसांनी आपापल्या पद्धतीने जमीन तयार करून ठेवली होती.

मग १९४२ उजाडलं. मार्चमध्ये बेउझेत्स, मेमध्ये सोबिबूर, जुलैमध्ये ट्रेब्लिंका ही मृत्यूकेंद्रं सुरू झाली. वर्ष संपेपर्यंत कडक जिल्हा आणि मवाळ जिल्हा यांतला फरक बहुतेक ठिकाणी पुसून गेला होता. ज्या गावात साहेब ज्यूंच्या प्रतिनिधींशी नीट बोलायचा, त्या गावातली गाडीही त्याच ठिकाणी गेली. नीट बोलणाऱ्याच्या गावात यादी जास्त अचूक असायची, हा त्यातला सगळ्यात कडू भाग.

याच वर्षी ३ जूनला आणखी एक गोष्ट झाली, जी मला फार महत्त्वाची वाटते. फ्रांकने ज्यूंसंबंधीचे विषय नागरी प्रशासनाकडून काढून एसएस ही नाझींची सशस्त्र संघटना आणि पोलीस यांच्या खात्याकडे दिले. कागदावर हा फ्रांकचा पराभव होता. पण खालच्या क्राइसहाउप्टमानांसाठी ती आयती ढाल ठरली. गावची वस्ती मोजणारा, कुंपण घालायला लावणारा, चौकात कधी जमायचं याची दवंडी पिटवणारा, रिकाम्या घरांतल्या सामानाची विल्हेवाट लावणारा अधिकारी युद्धानंतर म्हणू शकला, 'तो विषय माझ्याकडे नव्हताच.' सरकारी कचेरीत ज्याने एकदा तरी चपला झिजवल्या आहेत त्याला हे वाक्य ओळखीचं वाटेल.

पुन्हा कार्लच्या पत्राकडे येऊ, कारण ते वाचून त्याच्याविषयी सहानुभूती वाटणं सोपं आहे. त्याची तक्रार कशाबद्दल आहे ते नीट पाहावं. मला आधी कळवलं नाही. कारागीर मारल्यामुळे कातडी कमावण्याचं आणि गाड्यांची चाकं बनवण्याचं काम कसंबसं चालू आहे. लूट झाली. स्थानिक जनतेच्या मनातून आपण उतरलो, आणि तो विश्वास परत मिळवायला फार वेळ लागेल. क्रौर्याबद्दलची चीड खरी आहे, तीही आहे. पण 'हे करू नये' असं पत्रात कुठेही नाही. 'हे असं करू नये' असं आहे.

वरच्या साहेबाने काय केलं? मिन्स्कच्या विल्हेल्म कूबेने हे पत्र १ नोव्हेंबरला रीगाला पुढे पाठवलं, स्वतःची चीड जोडून. जखमींना जिवंत पुरणं इतकं गलिच्छ आहे की ते थेट फ्युररच्या कानावर जायला हवं, असं त्याने लिहिलं. डिसेंबरात जर्मनीहून मिन्स्कला आणलेल्या ज्यूंबद्दल त्याने पुन्हा लिहिलं की आपल्या संस्कृतीतली ही माणसं इथल्या रानटी झुंडींपेक्षा वेगळी आहेत. आणि ३१ जुलै १९४२ रोजी याच कूबेने समाधानाने कळवलं की मागच्या दहा आठवड्यांत आपल्या मुलखात सुमारे ५५ हजार ज्यू संपवण्यात आले. माणूस तोच. त्याला आक्षेप होता तो गबाळेपणावर, आणि काम नेटकं झाल्यावर आक्षेप उरला नाही.

रीगातला हिनरिख लोझे, म्हणजे कूबेचाही वरिष्ठ, तर याहून शुद्ध कारकुनी वळणाचा. १५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्याने बर्लिनला विचारलं: पूर्वेकडचे सगळे ज्यू संपवायचे आहेत असं समजायचं का? वय, लिंग, आर्थिक गरज काहीही न पाहता? १८ डिसेंबरला उत्तर आलं की तोंडी चर्चांतून एव्हाना खुलासा झाला असेलच, आणि आर्थिक बाबी मुळात विचारात घ्यायच्या नाहीत. विषय मिटला. लाखो माणसांच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न मार्गदर्शन मागवण्याच्या सरकारी रीतीने गेला आणि शेरा मारून परत आला.

याला कुणी म्हणेल, अहो, पण त्या कारागिरांचं काय? तो आक्षेप रास्त आहे, त्याला बगल देता येत नाही. लिथुआनियात शाउलाइचा गेबीट्सकोमिसार हान्स गेवेके याने कुशल कामगारांना मारायला विरोध केला. तिथल्या चामड्याच्या मोठ्या कारखान्याला हात हवे होते. शाउलाइचा घेट्टो १९४४ च्या जुलैपर्यंत टिकला, आणि त्यातले काही लोक पुढच्या छळछावण्यांतूनही वाचून बाहेर आले. स्लुत्स्कच्या लोकांना ती संधी मिळाली नाही. त्या वाचलेल्यांना जाऊन सांगा की अधिकाऱ्याच्या स्वभावाने काही फरक पडत नाही! पडतो. पण त्याच गेवेकेच्या जिल्ह्यातल्या लहान गावांतले ज्यू १९४१ च्या उन्हाळ्यातच गोळ्या घालून मारले गेले होते, आणि जगायचं असेल तर कारखान्याच्या उपयोगी पडा, ही त्याची अट होती. म्हातारे आणि मुलं त्या अटीत बसत नव्हती. १९४३ च्या नोव्हेंबरात शाउलाइतली मुलं नेली गेली.

जर्मनीला थेट जोडलेल्या पोलिश भागांतही अशीच दोन टोकं दिसतात. पोझनानकडचा प्रांतप्रमुख ग्रायझर कोण जर्मन आणि कोण पोल याची कसून छाननी करायचा. डान्झिगचा प्रांतप्रमुख फोर्स्टर मात्र पोलना घाऊक भावाने जर्मनांच्या यादीत घालायचा, आणि १९४२ मध्ये तर नाव न घालणाऱ्यांना त्याने धमकावलंच. त्याची पद्धत ऐकायला उदार वाटते. तिच्यामुळे लाखो कुटुंबं हाकलली जाण्यापासून वाचली, आणि त्यांची मुलं जर्मन सैन्यात भरती झाली.

याच जोडलेल्या मुलखातली दोन माणसं मला सगळ्यात जास्त छळतात. उडो क्लाउझा १९४० पासून बेंजीनचा लांडराट, म्हणजे जिल्हाधिकारी. कायद्याचा माणूस. आउशवित्झची मृत्युछावणी तिथून जेमतेम चाळीस किलोमीटर. १९४२ च्या ऑगस्टमध्ये बेंजीनच्या ज्यूंना खेळाच्या मैदानावर बोलावून निवडलं गेलं, हजारो लोक पाठवले गेले. क्लाउझाच्या कचेरीने त्यांना आधीच ठरावीक रस्त्यांत दाटीवाटीने बसवलं होतं, त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर बंदी घातली होती. युद्धानंतर तो १९५४ ते १९७५ अशी एकवीस वर्षं ऱ्हाइनलंडच्या प्रादेशिक प्रशासनाचा प्रमुख होता.

दुसरा फ्रान्झ हाइनरिख बॉक, पोद्देम्बित्से या लहानशा गावचा जर्मन कारभारी. याचं ज्यूंशी आणि पोलिशांशी वागणं खरोखर माणुसकीचं होतं, आणि ते वरच्यांना खुपत होतं. १९४२ मध्ये गावात पाच ज्यूंना जाहीर फाशी द्यायचा हुकूम आला. फाशी झाली. काही आठवड्यांत गावचा घेट्टो रिकामा करून माणसं खेल्मनोच्या मृत्यूकेंद्रात मारायला नेली. बॉकची नोकरी गेली, पक्षातूनही त्याला काढलं. युद्धानंतर त्याची डायरी टोपणनावाने छापली गेली. हा माणूस सज्जन होता, यात शंका नाही. त्याची सज्जनता गावाला वर्ष-सव्वा वर्ष सुसह्य करून गेली, आणि त्या यंत्राला एवढा काळ आणखी सुरळीत चालवून गेली. या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवता येत नाहीत, निदान मला तरी आल्या नाहीत.

मग फरक कधीच निर्णायक ठरला नाही का? ठरला, पण तो शोधायला पश्चिमेकडे जावं लागतं. बेल्जियममध्ये नाझी पक्षाचा नाही, लष्कराचा कारभार होता. त्याचा प्रशासकीय प्रमुख एगर्ट रेडर हा सावध माणूस. त्याला शांतता आणि कारखाने हवे होते, आणि शक्यतो सगळं बेल्जियन अधिकाऱ्यांच्या हातून करून घ्यायचं होतं. १९४२ च्या मे अखेरीस ज्यूंनी ओळखू यावं म्हणून छातीवर पिवळा तारा लावावा असा हुकूम निघाला. तो वाटायचं काम नगरपालिकांचं. अँटवर्पने ते केलं. ब्रसेल्समध्ये तिथल्या नगराध्यक्षांच्या बैठकीच्या वतीने शहराचा नगराध्यक्ष ज्यूल्स कूल्स्टने ५ जूनला लेखी कळवलं की माणसाच्या प्रतिष्ठेवर असा थेट घाव घालणाऱ्या कामाशी आम्ही स्वतःला जोडून घेऊ शकत नाही. जर्मनांना तारे स्वतः वाटावे लागले.

ऑगस्टमध्ये अँटवर्पच्या धरपकडीत शहराचे पोलीस होते, आणि महिनाअखेरीस तर पकडापकडी त्यांनीच पार पाडली. सप्टेंबरात ब्रसेल्सच्या धरपकडीत ब्रसेल्सचे पोलीस नव्हते. युद्धाअखेर अँटवर्पचे सुमारे दोन तृतीयांश ज्यू छावण्यांकडे पाठवले गेले होते, ब्रसेल्सचे एक तृतीयांशाहून थोडे अधिक. (अँटवर्प म्हटलं की मुंबईच्या हिरेबाजाराला आजही ते घरचंच गाव वाटतं. स्टेशनाजवळच्या ज्या गल्ल्यांत आज भारतीय व्यापाऱ्यांच्या पेढ्या आहेत, त्याच परिसरात १९४२ च्या उन्हाळ्यात ही धरपकड झाली.)

आकड्यांमागे इतर कारणंही आहेत, ती लपवू नयेत. अँटवर्पमधले ज्यू एकाच भागात एकवटून राहत होते, लगेच ओळखू येत होते, आणि शहरात ज्यूद्वेष आधीपासून जोरात होता. १९४१ च्या एप्रिलात तिथे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली गेली होती. कूल्स्ट हा स्थानिक, कार्ल हा परका विजेता, म्हणून तुलना सरळ होत नाही, हेही खरं. नकार बिनधोक होता असंही नाही. ब्रसेल्सच्या आधीच्या नगराध्यक्षाने १९४१ मध्ये जाहीर निषेध केला, तेव्हा त्याला अटकच झाली होती.

तरी एक गोष्ट उरते. अँटवर्पचा नगराध्यक्ष लेओ डेलवाइड स्वभावाने राक्षस नव्हता, आणि कूल्स्ट संत नव्हता. कूल्स्टने क्रौर्याबद्दल तक्रार केली नाही, सौम्यपणे करू असंही म्हटलं नाही. त्याने एक नेमकं काम आपल्या कचेरीतून होणार नाही असं सांगितलं, तेही काम व्हायच्या आधी. कार्लचं पत्र झाल्यानंतरचं आहे. म्हणून अधिकाऱ्याची माणुसकी मोजताना मी त्याच्या भाषेकडे, चेहऱ्याकडे, डायरीतल्या अस्वस्थतेकडे पाहत नाही. त्याच्या सहीवाचून कोणतं काम अडणार होतं, आणि ते त्याने अडवलं का, एवढंच पाहतो.

युद्धानंतरच्या जर्मनीने नेमकं उलट मोजमाप लावलं. एसएस वाईट, नागरी प्रशासन बरं, अशी सोयीची वाटणी झाली. बेरेझानीचा क्राइसहाउप्टमान हान्स-आडोल्फ आसबाख १९५० मध्ये श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याचा मंत्री झाला, खातं समाजकल्याणाचं. कोलोमियाचा क्लाउस फोल्कमान पेटर ग्रुबे या नावाने गरीब देशांची बाजू मांडणारा नामवंत पत्रकार झाला. त्याचा भूतकाळ उघड व्हायला १९९५ साल उजाडलं. स्लोनिमच्या एरेनला १९७४ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने जन्मठेप सुनावली खरी, पण ती वरच्या कोर्टात रद्द झाली, आणि आजारपणामुळे खटला पुन्हा उभा राहिला नाही.

आपण मराठी माणसंही या वाटणीत तरबेज आहोत. एल्फिन्स्टन चांगला, रँड वाईट. शाळेच्या धड्यापासून दिवाणखान्यातल्या गप्पांपर्यंत हीच मांडणी. १८९७ च्या पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरं फोडली गेली ती रँडच्या अरेरावीने, हे खरंच. पण घरात शिरायचा अधिकार त्याला साथीच्या कायद्याने दिला होता, आणि तो कायदा रँडच्या जागी गोड बोलणारा साहेब असता तरी तोच राहिला असता. आजही जिल्ह्यात 'चांगला कलेक्टर' आला की आपण सत्कार करतो, बदली झाली की मोर्चा काढतो. बदली रद्द करा म्हणतो. त्या खुर्चीला इतके अधिकार का, आणि तिला अडवणार कोण, हे विचारायचं राहून जातं.

ब्रसेल्सचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. १९४० च्या ऑक्टोबरात जर्मनांनी ज्यूंची नोंदवही तयार करायचा हुकूम काढला, तेव्हा बेल्जियमच्या नगरपालिकांनी ती तयार केली. ब्रसेल्सनेही केली. नोंदवही म्हणजे काही तारा नव्हे, कुणाच्या छातीवर दिसत नाही, रोजचंच कचेरीचं काम. नावं, पत्ते, जन्मतारखा नीट लिहून झाल्या. दीडेक वर्षांनी कूल्स्टने नकार दिला तेव्हा त्या याद्या तयार होत्या, आणि त्या उन्हाळ्यातल्या धरपकडीला त्या उपयोगी पडल्या.